काळ्या रानात बागेतली रेल्वे: गाडी न अडखळता चालवायची असेल तर

बागेतली रेल्वे म्हणजे अंगणात रूळ टाकून चालवायची छोटी मॉडेल गाडी. तिच्याबद्दल इंटरनेटवर भरपूर लिहिलेलं सापडतं. पण लिहिणारे बहुतेक जर्मनी, इंग्लंड नाहीतर अमेरिकेतले. त्यांना चिंता रुळांवरचा बर्फ कसा काढायचा याची. आपल्यापुढे काळी माती, बोअरचं खारं पाणी, निंबोळ्यांचा सडा आणि मे महिन्यातलं ऊन. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे म्हणायला ठीक आहे, पण जर्मनीतले नियम परभणीच्या अंगणात जसेच्या तसे चालत नाहीत.

गाडी थांबली की नवा माणूस पहिल्यांदा इंजिन उघडून बसतो. दोष तिथे क्वचितच असतो. आधी जमीन बघायची, मग रूळ, मग रुळांचे जोड, मग चाकं आणि सगळ्यात शेवटी इंजिन. खालचे टप्पेही साधारण याच क्रमाने घेतले आहेत. घाई असेल तर तिसरा आणि पाचवा तरी सोडू नका.

१. माप ठरवा

बागेसाठी सर्वांत रुळलेलं माप म्हणजे ४५ मिलिमीटर, म्हणजे दोन रुळांमधलं आतलं अंतर. एलजीबी या जर्मन ब्रँडने १९६८ मध्ये या मापाच्या गाड्या बाजारात आणल्या आणि प्रमाण ठेवलं १:२२.५, म्हणजे खऱ्या गाडीच्या साडेबावीसपट लहान. गुणाकार करून बघा: ४५ गुणिले २२.५ म्हणजे सुमारे १,०१२ मिलिमीटर, जवळजवळ मीटरगेज. मनमाड-काचीगुडा ही आपली जुनी लाइन मीटरगेजच होती, तिचं ब्रॉडगेज व्हायला नव्वदच्या दशकात सुरुवात झाली. पूर्णा-अकोला तर त्यानंतरही कित्येक वर्षं मीटरगेज होती. पूर्णा जंक्शनला ज्यांनी वायपी आणि वायजी इंजिनं धूर सोडत उभी पाहिली आहेत, त्यांना हे माप आयतंच जुळतं.

लातूरकरांची ओढ बार्शी लाइट या जुन्या अरुंद गेजच्या रेल्वेकडे असणार. ती ७६२ मिलिमीटरची. ४५च्या रुळांवर तिचं प्रमाण साधारण १:१७ होतं, म्हणजे डबे चांगले दणकट मोठे होतात. आजच्या ब्रॉडगेजचं (१,६७६ मिलिमीटर) प्रमाण येतं १:३७. त्या प्रमाणात तयार माल मिळणं कठीण, सगळं हातानेच करावं लागतं.

इथे एक सापळा आहे. ४५ मिलिमीटरच्या रुळांवर १:२०, १:२२.५, १:२४, १:२९, १:३२ अशा निरनिराळ्या प्रमाणांच्या गाड्या चालतात. चालतात सगळ्या, पण एकापुढे एक जोडल्या की विजोड दिसतात, आणि सर्वांत मोठा डबा बोगद्यात अडकतो. एक प्रमाण धरा. बोगदा आणि फलाटाचं अंतर मात्र तुमच्याकडच्या सर्वांत रुंद डब्याने वळणावर मोजून ठरवा, कारण वळणावर लांब डब्याचा मधला भाग आत येतो आणि टोकं बाहेर जातात.

२. काय मागवायचं, काय इथेच करून घ्यायचं

परदेशातून माल मागवण्याआधी दोन गोष्टी माहीत हव्यात. सीमाशुल्काच्या यादीत मॉडेल गाड्या आणि खेळणी एकाच शीर्षाखाली येतात: ९५०३. या गटावरचं मूळ सीमाशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेलं आणि पुढे आणखी वाढलं. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय चिन्हाची सक्ती आहे. पार्सल अडकतं ते बहुधा या दुसऱ्या कारणाने. म्हणून पैसे भरण्याआधीच कुरिअर कंपनीला किंवा कस्टम एजंटला वस्तूचं नेमकं वर्णन सांगून विचारा. ‘येईल की, काय होतंय’ म्हणणाऱ्या विक्रेत्यावर विसंबू नका. पार्सल अडकलं तर धावपळ तुम्हालाच करावी लागते. केवायसीसाठी आधार किंवा पॅन, वस्तूंची नावं आणि किमती वेगवेगळ्या लिहिलेलं बिल आणि पैसे भरल्याचा पुरावा एवढी कागदपत्रं तयार ठेवा.

सुरुवातीला एक इंजिन, चार डबे, एका लंबगोलापुरते रूळ आणि फार तर दोन पॉइंट (गाडीचा मार्ग बदलणारे सरकते रूळ) पुरे. पूल, खांब, स्टेशन, सिग्नल यातलं काहीही बाहेरून मागवू नका. तालुक्याच्या गावातला कुठलाही फॅब्रिकेटर पूल करून देतो, आणि वाळूजसारख्या औद्योगिक वसाहतीच्या आसपास लेथवर चाकं कातून देणारी लहान वर्कशॉप सापडतात. थ्रीडी प्रिंटरवर स्टेशन किंवा डब्यांचे भाग छापून घेणार असाल तर पीएलए प्लॅस्टिक नको. ते साधारण ६० अंशाला मऊ पडतं, आणि उन्हातलं काळं प्लॅस्टिक आपल्याकडे तेवढं सहज तापतं. एएसए प्लॅस्टिक मागा, ते ऊन आणि उष्णता दोन्ही सोसतं.

हाताशी असू द्या:

- गवंड्याची लेव्हल ट्यूब, एक फूटभर पाणसळ, दोरी, खुंट्या आणि फक्की
- धुम्मस, थापी, जुना रंगाचा ब्रश
- मल्टिमीटर आणि मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब
- शंभर वॅटचं सोल्डरिंग आयर्न (मोबाइल दुरुस्तीचं बारीक आयर्न पितळी रुळाला पुरत नाही)
- ४० मिलिमीटर रुंदीची अचूक कापलेली पत्र्याची पट्टी, चाकं तपासायला
- हिरवा स्क्रबर, सुती कापड, आयसोप्रोपिल अल्कोहोल

३. जमीन: खरा खेळ इथे आहे

काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शेतकऱ्याला हे सांगायला नको. पण अंगणात रूळ टाकताना तोच माणूस हे विसरतो आणि मातीवर सरळ सिमेंटचा कोबा ओततो. पहिली दिवाळी छान जाते. उन्हाळा आला की कोब्याच्या एका बाजूची माती आधी वाळते, ती बाजू बसते आणि कोबा मधोमध तडकतो. तडा गेला तिथे रुळाला पायरी पडते आणि गाडी रोज त्याच जागी घसरते. कोबा जाड केला, आत सळई टाकली, तरी फरक एवढाच की तडा एक वर्ष उशिरा जातो. घरासाठी आपण खोल पाया घेतो तो याच कारणाने. खेळण्याच्या रुळासाठी तेवढा खर्च कोण करणार?

म्हणून जमिनीशी झगडू नका. ती हलणार हे धरूनच रचना करा. त्याच्या दोन पद्धती आहेत.

पहिली पद्धत जमिनीलगतची. रुळाच्या मार्गावर फूटभर रुंद आणि फूटभर खोल चर काढा आणि त्यातली काळी माती उचलून बागेच्या वाफ्यांत टाका. चराला वीडमॅट (तण अडवणारं कापड) अंथरा, म्हणजे खालची माती वर मिसळत नाही आणि हरळीही लवकर डोकं काढत नाही. मग मुरूम दोन थरांत भरा. प्रत्येक थरावर पाणी शिंपडून धुम्मसने ठोका. त्यावर दोन इंच कच किंवा सहा एमएमची खडी टाका. खडी क्रशरची, धारदार कोपऱ्यांची हवी. नदीतले गुळगुळीत गोटे दिसतात छान, पण ते एकमेकांत अडकत नाहीत, आणि गाडी गेली की रूळ सरकतो. रूळ या खडीत नुसता बसवायचा, कशालाही ठोकायचा नाही. खालची माती हलली की रूळ सगळा मिळून थोडा वरखाली होतो, आणि पावसाळ्यानंतर खडी सारून तो पुन्हा सपाट करता येतो.

दुसरी पद्धत उंचावरची, आणि नव्या माणसाला मी हीच सुचवतो. दोन-अडीच फूट उंचीचे लोखंडी पाय, त्यांवर अँगलची चौकट आणि चौकटीवर शहाबादी फरशीच्या पट्ट्या किंवा सिमेंट बोर्ड. फॅब्रिकेटरला सांगून प्रत्येक पायाच्या डोक्यावर नट वेल्ड करून घ्या आणि चौकट बोल्टवर टेकवा. पाय वरखाली होणारच, पण बोल्ट पान्याने दोन आटे फिरवला की लेव्हल परत येते. हे दर वर्षी एका सकाळचं काम आहे. लाकडाच्या फळ्या वापरू नका, वाळवी लागते. उंचावरच्या रुळाचे बाकीचे फायदे सांगायची गरज नाही; ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना ते लगेच कळतात. शिवाय पाणी साचत नाही, कुत्रं आडवं झोपत नाही, आणि दुरुस्ती करताना विंचवाच्या बिळापाशी हात जात नाही.

तुमचं घर बालाघाटाच्या माळावर असेल आणि हातभर खोदल्यावर मुरूम लागत असेल, तर हा सगळा टप्पा निम्म्यावर येतो. गोदावरीच्या काठच्या खोल काळ्या रानातल्या लोकांना ही सूट नाही.

झाडांचाही विचार आत्ताच करा. कडुलिंबाखाली गारवा असतो, पण फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ, मग फुलोरा आणि पावसाच्या तोंडावर चिकट निंबोळ्या. जांभळाखाली तर रूळ नेऊच नका. आंब्यावर तुडतुडे पडले की खाली सगळीकडे चिकटा गळतो, तो रुळांवर बसला की चाकं घसरतात आणि वीजही मिळत नाही. कढीपत्ता, तुळस, बुटकी जास्वंद, कोरफड अशी झाडं रुळाजवळ चालतात. पाणी ठिबकने द्या. तुषारचे फवारे रुळांवर आले तर बोअरच्या पाण्यातले क्षार पांढरे होऊन बसतात आणि ते काढताना जीव जातो.

४. आखणी: मोठी वळणं, कमी चढ

बाजारातलं सर्वांत लहान वळण साधारण ६०० मिलिमीटर त्रिज्येचं असतं. सुरुवातीच्या पेटीत तेच मिळतं आणि निम्म्या तक्रारी तिथूनच सुरू होतात. जागा असेल तर त्रिज्या किमान १.२ मीटर ठेवा, म्हणजे वळणाला अडीच मीटर रुंदी लागेल. खुंटी आणि दोरीने गोल काढा, फक्की मारा आणि दोन-तीन दिवस अंगणात तसंच राहू द्या. जाता-येता लक्षात येतं की गाडी कपडे वाळत घालायच्या दोरीखालून जाते आहे किंवा स्कूटर लावायची जागा गेली आहे.

उजवं वळण संपताक्षणी डावं सुरू करू नका. मध्ये किमान एका डब्याच्या लांबीचा सरळ तुकडा द्या. नाहीतर दोन डबे एकमेकांना विरुद्ध बाजूंना ओढतात आणि हलका डबा रुळावरून उडतो.

चढ मीटरला एक सेंटिमीटर ठेवा. दोन सेंटिमीटरपर्यंत गाडी ओढते, पण डबे कमी करावे लागतात. सपाटीवरून चढ एकदम सुरू होऊ नये, तो हळूहळू वाढत जावा. लेव्हल ट्यूबने दर मीटरला खूण करत गेलात तर हे सहज जमतं. डोळ्यांवर भरवसा ठेवू नका, अंगणाचा उतार डोळ्यांना फसवतो.

बोगदा हवा असेल तर त्याचं छप्पर उचलता येईल असं करा. बंद बोगद्यात साप, विंचू आणि घूस यांना आयतं घर मिळतं. आत अडकलेला डबा काढताना आधी टॉर्च, मग काठी आणि मगच हात.

५. रूळ आणि त्यांचे जोड

पितळी रूळ सर्वसाधारण वापरासाठी उत्तम. स्टेनलेस स्टीलचे महाग, पण स्वच्छ राहतात. अ‍ॅल्युमिनियमचे स्वस्त पडतात, पण रुळांतून वीज द्यायची असेल तर ते घेऊ नका. त्यांच्यावर जमणारा ऑक्साइडचा थर वीज अडवतो. बॅटरीच्या गाडीला चालतात. स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, उन्हाला टिकणाऱ्या प्लॅस्टिकचे आहेत ना, हे विचारून घ्या. घरातल्या खेळण्याचे स्लीपर दोन उन्हाळ्यांत पापडासारखे मोडतात.

आता उन्हाचा हिशेब. पितळ दर मीटरला, दर अंशाला ०.०१९ मिलिमीटर वाढतं. परभणीत थंडीत पारा कधी पाच अंशांपर्यंत उतरतो, तर मे महिन्यात उन्हात पडलेल्या रुळाला हात लावता येत नाही. तो साठच्या आसपास जातो. फरक पन्नास अंश धरला तरी दहा मीटर रूळ साडेनऊ मिलिमीटर वाढणार. त्याला जागा दिली नाही तर तो वाकडा होऊन स्वतःच जागा करून घेतो.

जागा कशी द्यायची हे रूळ कधी अंथरता यावर ठरतं. थंडीच्या सकाळी दीड मीटरचे तुकडे जोडत असाल तर प्रत्येक जोडात साधारण एक रुपयाच्या नाण्याच्या जाडीएवढी फट ठेवा. भर उन्हात जोडत असाल तर फट जवळपास नकोच, कारण थंडीत ती आपोआप पडते. वळण खडीत मोकळं असेल तर ते थोडं बाहेर सरकून वाढ पोटात घेतं. अडचण होते ती दोन्ही टोकांना घट्ट बांधलेल्या सरळ भागात, म्हणून रूळ पॉइंटपाशी किंवा पुलाच्या एकाच टोकाला पक्का करा आणि बाकीचा मोकळा ठेवा.

जोडांसाठी स्क्रूचे क्लॅम्प वापरलेत तर वीज उत्तम जाते, पण क्लॅम्प रुळाला सरकू देत नाहीत. म्हणून आठ-दहा मीटरला एक सरकता जोड ठेवा: साधी फिशप्लेट (दोन रुळांची टोकं जोडणारी पट्टी) आणि तिच्यावरून दोन्ही रुळांना सोल्डर केलेली लवचीक तार. ही तार सावलीत, टेबलावर सोल्डर करून मगच रूळ अंथरा. वाऱ्यात, खडीवर उकिडवं बसून केलेलं सोल्डर वरून चकाकतं आणि आतून कच्चं राहतं. नुसत्या फिशप्लेटवर विजेचा भरवसा ठेवलात तर पहिल्या पावसापर्यंत गाडी चालेल, मग आत हिरवट थर धरेल.

दोन्ही रूळ एका पातळीत आहेत का, हे दर फुटाला पाणसळ आडवी ठेवून बघा. ४५ मिलिमीटरमध्ये दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे खऱ्या मीटरगेजवर साडेचार सेंटिमीटर. गाडी डुलते, आणि डुलता डुलता एखाद्या जोडावर उतरते.

पॉइंट ही रुळावरची सर्वांत नाजूक जागा. सरकत्या पात्यात आणि रुळात एक खडा अडकला तरी पुढचं चाक चुकीच्या वाटेला लागतं. तिथे खडी मुद्दाम कमी आणि थोडी मोठी टाका. सुरुवातीला हाताने फिरवायचेच पॉइंट घ्या. विजेवरच्या पॉइंटच्या डबीत मुंग्या घर करतात आणि मोटर जाम होते.

६. वीज रुळांतून की बॅटरीतून?

माझं मत सरळ आहे: नव्याने सुरू करणाऱ्याने बॅटरी घ्यावी. इंजिनात किंवा त्यामागच्या डब्यात चार लिथियम सेलचा १४.८ व्होल्टचा पॅक, एक रेडिओ रिसीव्हर आणि हातात रिमोट. रूळ मळले तरी गाडी चालते आणि लाइट गेली तरी चालते. पॅकला बीएमएस, म्हणजे संरक्षक सर्किट, हवंच. या सेलना ४५ अंशांच्या वर चार्जिंग चालत नाही, म्हणून उन्हाळ्यात चार्जिंग पहाटे किंवा रात्री, घरात, कोणाचं तरी लक्ष असताना. पत्र्याच्या शेडमध्ये किंवा बंद मोटारीत पॅक ठेवू नका.

रुळांतून वीज द्यायचीच असेल, आणि त्याची मजा वेगळी आहे हे मान्य, तर चार गोष्टी पाळा.

ट्रान्सफॉर्मर ओसरीवर, कोरड्या जागी ठेवा. बागेत फक्त २२-२४ व्होल्टपर्यंतचा डीसी जाऊ द्या. घराच्या लाइनवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, हवा. ढग गडगडले की प्लग काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही.

इंजिनातली एक मोटर एक ते दोन अँपिअर घेते. दिवे आणि धुराचं यंत्र असेल तर आणखी. म्हणून पाच अँपिअरचा सप्लाय घ्या. तार घरात वापरतात ती अडीच स्क्वेअर एमएमची, पीव्हीसी पाइपातून, म्हणजे उंदीर कुरतडत नाहीत. वीस मीटरवर ती तीन अँपिअरला एक व्होल्टही खात नाही. याच मुख्य तारेवरून दर पाच मीटरला रुळांना जोड द्या.

मग बल्बची परीक्षा घ्या. रुळांना १२ व्होल्ट द्या आणि इंडिकेटरचा बल्ब सर्वांत लांबच्या जागी दोन रुळांवर टेकवा. बल्ब पावणेदोन अँपिअर खेचतो, म्हणजे चालत्या गाडीएवढाच. तो पेटलेला असताना मल्टिमीटरने रुळांवरचे व्होल्ट मोजा. दीड व्होल्टपेक्षा जास्त घट दिसली तर बल्ब एकेक जोड मागे आणत या; जिथे आकडा एकदम वाढतो, त्याच्या पुढचा जोड खराब. बल्ब न लावता नुसतं मीटर धरलंत तर सगळीकडे पूर्ण १२ व्होल्ट दिसतात आणि माणूस पुन्हा इंजिन उघडून बसतो.

रूळ घासायला हिरवा स्क्रबर काठीच्या टोकाला सपाट फळीवर बसवून वापरा. स्टीलचा काथ्या कधीही वापरू नका; त्याचे बारीक तुकडे मोटरच्या चुंबकाला चिकटतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. घरात पडून असलेलं सॅनिटायझर त्याऐवजी चालेल असं वाटतं, पण त्यात बहुधा ग्लिसरीन असतं आणि त्याचा पातळ थर रुळावर राहतो. क्षारांचे पांढरे डाग पडलेच तर पातळ व्हिनेगरने पुसून लगेच साध्या पाण्याने धुवा.

डीसीसी म्हणजे डिजिटल पद्धत पहिल्या वर्षी नको. एका रुळावर तीन गाड्या पळवायच्या असतील तेव्हा बघू.

७. चाकं आणि डबे

प्लॅस्टिकची चाकं बदलून धातूची घ्या. प्लॅस्टिक रुळांवर काळा चिकट थर पसरवतं, आणि ती चाकं हलकी असल्याने डबाही उडतो. प्रत्येक जोडीच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर ४० मिलिमीटरच्या पट्टीने तपासा. सगळ्या डब्यांत ते सारखं असायला हवं. एकच जोडी वेगळी असली तर तीच पॉइंटवर धडकते.

जड डबे इंजिनाच्या मागे, हलके शेवटी. रिकामी वाघीण (मालडबा) फारच हलकी वाटली तर तिच्या तळाशी थोडं वजन चिकटवा.

तेल अगदी थेंबभर. आपल्याकडची धूळ तेलाला धरते आणि त्याचं वंगण न होता पॉलिश पेपर होतो. प्लॅस्टिकला चालणारंच तेल वापरा.

८. पहिली फेरी आणि दोष कसा शोधायचा

पहिल्या दिवशी इंजिन पेटीतच राहू द्या. एक डबा घ्या, सर्वांत खोडकर असेल तो, आणि हाताने ढकलत पूर्ण फेरी मारा. आवाज ऐका. जिथे ‘टक’ वाजतं तिथे जोडात पायरी आहे; खडूने खूण करा आणि पुढे चला. सगळ्या खुणा मिटल्या की इंजिन एकटं चालवा, सगळ्यात हळू वेगात. वेगात गाडी बरेच दोष उडी मारून पार करते, हळू चालताना ते सगळे उघडे पडतात. मग एकेक डबा वाढवा.

गाडी अडखळली तर आधी एवढं तपासा:

- वेगवेगळे डबे एकाच जागी घसरतात: दोष रुळात.
- एकच डबा वेगवेगळ्या जागी घसरतो: दोष त्या डब्याच्या चाकात.
- इंजिन नेहमी एकाच जागी थांबतं: तिथला जोड किंवा तिथली घाण.
- इंजिन कुठेही, कसंही थांबतं: चाकांवरची काजळी, इंजिनाचे वीज घेणारे भाग किंवा मुख्य सप्लाय.
- सकाळी चालते, दुपारी नाही: रूळ तापून जोड उघडला किंवा वाकला.

रोज गाडी सोडण्याआधी गँगमनसारखी एक फेरी पायी मारा, हातात ब्रश घेऊन. पॉइंटमधले खडे, काड्या, खारीने आणून टाकलेल्या बिया, सगळं झाडून काढा.

९. वर्षभराची कामं

ऑक्टोबरमध्ये, पावसाळा संपल्यावर, सगळ्या लाइनची लेव्हल नव्याने तपासा. जमीन फुगलेली असते. एप्रिलमध्ये ती आक्रसली की पुन्हा. ही दोन कामं टाळली तर बाकी कितीही रूळ घासून उपयोग नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ आणि अवकाळी. गारपिटीचा इशारा असेल तर गाड्या आणि स्टेशनं आत घ्या. गारा प्लॅस्टिकची छपरं फोडतात. वळिवाचा वारा उभी गाडी आडवी करतो, तेव्हा रात्री बाहेर काही ठेवू नका.

एप्रिल-मेमध्ये गाडी सकाळी आठच्या आत किंवा दिवस कलल्यावर चालवा. दुपारी रूळ मोकळे सरकतायत ना, एवढं मात्र जाऊन बघा.

मृगाच्या आधी चराच्या बाजूचे पाण्याचे मार्ग मोकळे करा आणि पॉइंटच्या डब्यांना झाकणं घाला. इंजिनं सिलिका जेलच्या पुड्यांसह पेटीत ठेवा. श्रावणात उघडीप मिळाली की गाडी चालवायला हरकत नाही, फक्त रूळ आधी पुसून घ्या.

भाद्रपदात शेजारपाजारचे महालक्ष्म्यांच्या देखाव्यासाठी गाडी मागायला येतात, आणि नाही म्हणणं अवघड असतं. जुनं इंजिन आणि दोन डबे द्या, नवं देऊ नका. गाडी मूर्तींपासून जरा दूर ठेवायला सांगा, कारण अक्षतांचा एखादा दाणा गिअरमध्ये गेला तर दात मोडतो. परत आली की खालचं झाकण उघडून हळद-कुंकू ब्रशने झाडा, चाकं अल्कोहोलने पुसा आणि मगच तिला बागेतल्या रुळांवर सोडा.